लवादाचा अवॉर्ड हातात आला, आता पुढे काय? पर्सनल लोन, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्डच्या वसुलीची दरखास्त अगदी पहिल्यापासून

अवॉर्ड, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या आर्बिट्रेटरचा (लवादाचा) निकाल, झाला म्हणजे पैसे आलेच असं समजणारा रिकव्हरी ऑफिसर आणि अवॉर्डचं पाकीट आलं म्हणजे उद्या पोलीस दारात असं समजणारा कर्जदार, हे दोघं मला सारखे भेटतात, आणि दोघांनाही सांगायचं एकच असतं की बाबांनो, अवॉर्ड हा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका ताकदीचा कागद आहे खरा पण तो आपोआप चालत नाही, त्याला कोर्टात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, घालून चालवावा लागतो, आणि तो चालेल की नाही हे बऱ्याचदा दरखास्त घालण्याच्या आधीच ठरलेलं असतं. आर्बिट्रेटर कसा नेमला, कॉपी कशी पोचवली आणि समोरच्याकडे जप्त करण्यासारखं काय आहे, या तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे. बाकी पायऱ्या कारकुनी आहेत, पण त्याही सांगतो.

खाली जे लिहितोय ते भारतातल्या लवाद व समेट कायदा १९९६ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या हिशोबानं आहे, कोर्टातल्या कामाचे शब्द महाराष्ट्रातले आहेत. मुख्यतः वसूल करणाऱ्याच्या बाजूनं लिहिलंय, पण कर्जदारानं वाचलं तरी त्याच्या कामाचं बरंच आहे, कारण एकाची पायरी म्हणजे दुसऱ्याचा बचाव.

आधी अवॉर्ड नीट वाचा, घाई नको

पहिलं काम म्हणजे आर्बिट्रेटरला कुणी नेमलं ते बघा. कन्झ्युमर लोनच्या ॲग्रीमेंटमध्ये वर्षानुवर्षं एकच छापील कलम होतं, "वाद झाल्यास कंपनी नेमेल तो एकमेव लवाद". २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १२(५) आणि सातवी अनुसूची आली, म्हणजे कंपनीचा नोकर, सल्लागार, नेहमीचा वकील वगैरे माणूस आर्बिट्रेटर होऊच शकत नाही असं झालं, मग २०१७ मध्ये टीआरएफच्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की जो स्वतः अपात्र आहे तो दुसऱ्यालाही नेमू शकत नाही, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात आणखी स्पष्ट झालं की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं आर्बिट्रेटर निवडायचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानंही, सरकारी संस्था आणि खाजगी पार्टीच्या करारांबद्दल बोलताना, एकतर्फी नेमणुकीची कलमं समानतेच्या विरोधात आहेत असंच सांगितलं.

आता याचा दरखास्तीशी काय संबंध? खूप आहे. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं २०२३ मध्ये एका बँकेच्या लोन प्रकरणात सांगितलं की एकतर्फी नेमलेल्या आर्बिट्रेटरचा अवॉर्ड अंमलात आणताच येत नाही, म्हणजे कर्जदारानं मुदतीत आव्हान दिलेलं नसलं तरी. आणि कर्जदार गप्प बसला, एखाद्या तारखेला हजर राहिला, याला संमती धरत नाहीत. कायदा म्हणतो की वाद उद्भवल्यानंतर दोघांनी स्पष्ट, लेखी संमती दिली पाहिजे. लोन घेताना केलेल्या पन्नास सह्यांमध्ये ती संमती बसत नाही, कारण तेव्हा वाद नव्हताच.

त्यामुळे फाईलमध्ये नेमणुकीचं पत्र काढा. कंपनीच्या लेटरहेडवर "आम्ही श्री. अमुक यांना नेमत आहोत" एवढंच असेल, कर्जदाराची लेखी संमती नसेल, हायकोर्टाकडून कलम ११ खाली नेमणूक नसेल, तर हा अवॉर्ड कमकुवत आहे हे आधी स्वतःच्या साहेबांना सांगा, मग दरखास्तीचा खर्च करा. ऑनलाइन लवाद करून देणाऱ्या संस्थांचंही तेच, संस्था निवडली कुणी आणि आर्बिट्रेटर निवडताना कर्जदाराला काही म्हणायला वाव होता का, हा प्रश्न येणारच. अवॉर्ड कोर्टानं रद्द केला तर लवाद सुरू झाल्यापासून रद्द होईपर्यंतचा काळ मुदतीतून वजा होतो, कलम ४३(४) बघा, म्हणजे नव्यानं करता येतं. पण नुसती दरखास्त फेटाळली गेली तर हा फायदा सरळसोट मिळेल असं धरून बसू नका, म्हणून दुखणं आहे हे कळलं की लवकर हलायचं.

बाकी तपासणी पटकन होते. अवॉर्डवर सही, तारीख आणि लवादाचं ठिकाण आहे का. कलम २१ ची नोटीस कर्जदाराला मिळाल्याचा पुरावा आहे का, कारण लवाद सुरूच त्या तारखेला होतो. क्लेम आणि उत्तर पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत अवॉर्ड झालाय का, नसेल तर संमतीनं ६ महिने वाढवलेत किंवा कोर्टाकडून मुदत घेतलीय का. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव बरोबर आहे का. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण त्याला लवादात पार्टीच केलं नसेल आणि अवॉर्डमध्ये त्याच्याविरुद्ध ओळ नसेल तर दरखास्तीत त्याच्या घरी बेलिफ (जप्ती करणारा कोर्टाचा कर्मचारी) पाठवता येत नाही. आकडेमोडीची किंवा टायपिंगची चूक दिसली तर अवॉर्ड मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ३३ खाली आर्बिट्रेटरकडूनच दुरुस्त करून घ्या, दरखास्तीचं कोर्ट ते करत बसणार नाही.

कॉपी पोचली का? इथे सगळ्यात जास्त फाईली अडकतात

कलम ३१(५) म्हणतं की सही केलेली प्रत प्रत्येक पार्टीला द्यायची. झेरॉक्स चालत नाही, वकिलाला दिली आणि पार्टीला नाही असंही चालत नाही, सुप्रीम कोर्टाचे यावर निकाल आहेत. आव्हानाची तीन महिन्यांची मुदत सही असलेली प्रत हातात पडल्यापासून मोजतात. प्रतच पोचली नसेल तर मुदत सुरूच झाली नाही, आणि मुदत संपल्याशिवाय अवॉर्ड अंमलात येत नाही. म्हणजे बघा, एका पाकिटावर सगळं.

आणि पाकिटाची गोष्ट अशी असते. लोन घेताना माणूस भाड्याच्या खोलीत राहत होता, तो पत्ता ॲग्रीमेंटमध्ये, चार वर्षांनी अवॉर्ड त्याच पत्त्यावर स्पीड पोस्टानं जातो, पाकीट "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत येतं, आणि फाईलमध्ये काय लावलं जातं तर पाठवल्याची पावती. पाठवल्याची पावती म्हणजे पोचल्याचा पुरावा नव्हे. कलम ३ प्रमाणे शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं तर पोचलं असं धरता येतं हे खरं, पण त्यासाठी नीट चौकशी करूनही दुसरा पत्ता सापडला नाही असं दाखवावं लागतं, आणि कंपनीच्याच केवायसीमध्ये मधल्या काळात अपडेट झालेला नवा पत्ता निघाला की जज साहेब तिथेच पान दुमडून ठेवतात.

म्हणून काय करायचं: केवायसी, शेवटचं स्टेटमेंट, नोकरीचा पत्ता, आधी आलेल्या उत्तरावरचा पत्ता, जेवढे आहेत तेवढ्यांवर आर्बिट्रेटरकडून प्रत पाठवायला सांगा. ट्रॅकिंगचा रिपोर्ट त्याच आठवड्यात डाउनलोड करून ठेवा, पोस्टाच्या साइटवर तो कायमचा राहत नाही. परत आलेलं पाकीट फोडू नका, शेरा असलेलं बंद पाकीट हाच पुरावा. ईमेल, व्हॉट्सॲपवरही जरूर पाठवा पण केवळ त्याच्यावर अवलंबून राहू नका.

कर्जदार असाल तर उलट. पाकीट घेतलं नाही की सुटलो असं अजिबात नाही, "घेण्यास नकार" हा शेरा म्हणजे पोचलंच. घ्या, तारीख लिहून ठेवा, वकिलाकडे जा.

तीन महिने, वर तीस दिवस

कलम ३४ खाली अवॉर्ड रद्द करण्याचा अर्ज तीन महिन्यांत, आणि कारण पटवलं तर आणखी ३० दिवसांत, त्याच्यापुढे एक दिवसही नाही, कोर्टाला वाढवून देण्याचा अधिकारच नाही. ही मुदत संपली की कलम ३६ प्रमाणे अवॉर्ड हुकूमनाम्यासारखा चालतो.

पूर्वी ३४ चा अर्ज नुसता दाखल झाला तरी अंमलबजावणी आपोआप थांबायची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलं नाही, स्टेसाठी वेगळा अर्ज, आणि पैशाच्या अवॉर्डला स्टे देताना कोर्ट सहसा काही रक्कम भरायला किंवा सिक्युरिटी द्यायला लावतं. २०२१ पासून फ्रॉड किंवा भ्रष्टाचारानं अवॉर्ड मिळवल्याचं सकृतदर्शनी दिसलं तर बिनशर्त स्टे मिळतो, पण "माझ्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या" एवढं नुसतं म्हटलं की तो मिळतोच असं नाही.

या तीन महिन्यांत वसूल करणाऱ्यानं हात बांधून बसायचं का? नाही. कलम ९ मध्ये अवॉर्ड झाल्यानंतर आणि अंमलात येण्याआधीच्या काळासाठी अंतरिम आदेश मागता येतो. माणूस फ्लॅट विकायला काढतोय, गाडी दुसऱ्या राज्यात नेतोय अशी पक्की माहिती असेल तर विक्रीला मनाई मागा. नुसता संशय असेल तर मागू नका, अर्ज फेटाळला जातो आणि समोरचा सावध होतो.

स्टॅम्प

छोटी गोष्ट आहे पण अडवते. अवॉर्डवर स्टॅम्प ड्युटी लागते आणि महाराष्ट्रात ती पूर्वी सपाट ५०० रुपये होती, ऑक्टोबर २०२४ पासून रकमेप्रमाणे बदलते. स्टॅम्प कमी असेल तर लवादात कुणी विचारत नाही, प्रश्न निघतो तो दरखास्तीच्या वेळी. तेव्हा अवॉर्डची तारीख आणि लवादाचं ठिकाण कुठल्या राज्यातलं आहे ते बघून आधीच भरून टाका, नाहीतर कागद जप्त करून स्टॅम्प ऑफिसला जातात आणि काही महिने तिकडेच.

कुठल्या कोर्टात?

हा प्रश्न आता सोपा झालाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुंदरम फायनान्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जिथे कर्जदाराची मालमत्ता आहे तिथल्या कोर्टात थेट दरखास्त घालता येते, जिथे लवाद झाला तिथल्या कोर्टातून हुकूमनामा ट्रान्सफर करून आणायची गरज नाही. लवाद चेन्नईत, कर्जदार नाशिकचा, तर दरखास्त सरळ नाशिकला.

पण "मालमत्ता कुठे आहे" याचा नीट विचार करा. खाजगी नोकरीतला पगार जप्त करायचा असेल तर पगार देणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत हवा. माणूस नागपुरात काम करतो पण कंपनीचा पगार बेंगळुरूच्या ऑफिसातून निघतो, तर नागपूरच्या दरखास्तीत पगाराची ऑर्डर घेताना अडचण येणार. घर एका जिल्ह्यात, शेती दुसऱ्या जिल्ह्यात असं असेल तर ज्यातून पैसे लवकर येतील त्या ठिकाणापासून सुरुवात करा. जिल्हा न्यायालय की कमर्शियल कोर्ट, हे रक्कम आणि कर्जाचा प्रकार बघून तिथल्या फायलिंगला आधी विचारून घ्या, दाखल करून परत घेण्यात काही अर्थ नाही.

मुदत १२ वर्षं आहे, अवॉर्ड अंमलात येतो तेव्हापासून. पण १२ वर्षं आहेत म्हणून कपाटात ठेवू नका, दोन वर्षं उलटल्यावर दरखास्त घातली तर आधी कर्जदाराला नोटीस काढावी लागते, म्हणजे त्याला सावध करूनच पुढे जायचं.

दरखास्त लिहिताना

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ नियम ११ चा तक्ता असतो, त्यातले रकाने भरायचे: अवॉर्डची तारीख, पार्ट्यांची नावं, अपील किंवा ३४ चा अर्ज आहे का, आत्तापर्यंत काय पैसे आले, आधी दरखास्त झाली होती का, आता एकूण किती येणं, आणि कोर्टानं नेमकं काय करावं. हा शेवटचा रकाना लोक "योग्य ते आदेश व्हावेत" असा भरतात. कोर्ट तुमच्यासाठी मालमत्ता शोधणार नाही. पगार जप्त करा, अमुक बँकेच्या अमुक शाखेतलं खातं जप्त करा, अमुक गट नंबरची जमीन जप्त करा, असं लिहायचं.

हिशोबाचा तक्ता वेगळा लावा. समजा अवॉर्ड ४,२०,००० रुपयांचा आणि पुढचं व्याज द.सा.द.शे. १८ सरळ. वर्षाला ७५,६०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण २०७. मधे कर्जदारानं ५०,००० भरले असतील तर कुठल्या तारखेला, ते व्याजात वळते केले की मुद्दलात, हे दिसलं पाहिजे. अवॉर्डमध्ये पुढच्या व्याजाबद्दल काहीच लिहिलं नसेल तर कलम ३१(७) प्रमाणे अवॉर्डच्या तारखेच्या चालू दरापेक्षा २ टक्के जास्त, लोन ॲग्रीमेंटमधला ३६ टक्के पीनल रेट तिथे घुसवू नका. गाडीचं कर्ज असेल आणि गाडी ओढून विकलीय तर विक्रीची रक्कम आणि तारीख दाखवा. ही रक्कम न दाखवता दरखास्त टाकणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे, आणि कर्जदाराचा वकील पहिल्याच तारखेला नेमका तिथे बोट ठेवतो, मग कोर्ट पुढचं काहीच ऐकून घेत नाही.

सोबत लावायचं: अवॉर्डची सही असलेली मूळ प्रत, पोचल्याचा पुरावा, स्टे नाही असं प्रतिज्ञापत्र, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, मालमत्तेचं वर्णन आणि सातबारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा सोसायटीचा कागद. लोन दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तर असाइनमेंटचा करार, कारण अवॉर्ड एका नावावर आणि दरखास्त दुसऱ्या नावानं असं दिसलं की आधी त्याच्यावर सुनावणी होते. कर्जदार वारला असेल तर वारसांना आणता येतं पण त्यांना वारशानं जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच, मुलाच्या स्वतःच्या पगाराला हात लावता येत नाही.

मालमत्ता माहीतच नसेल तर

ऑर्डर २१ नियम ४१ वापरा. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस तसाच पडून राहिला तर कर्जदारानं स्वतःच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा आदेश मागता येतो, आणि आदेश होऊनही दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. माझ्या मते कन्झ्युमर लोनच्या दरखास्तीतलं हे सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार आहे. वकील लोक थेट घरातल्या जंगम जप्तीचं वॉरंट मागतात, बेलिफ जातो, एक जुना फ्रिज आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या बघून येतो, "जप्तीयोग्य माल आढळला नाही" असा रिपोर्ट देतो, आणि सहा महिने गेले. त्यापेक्षा प्रतिज्ञापत्राच्या आदेशानं माणूस वाटाघाटीला लवकर बसतो.

जप्ती: काय होतं आणि काय होत नाही

पगार. संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे हिशोबात धरायचा पगार ३४,००० असेल तर १,००० वजा, राहिले ३३,०००, त्यातले २२,००० सुरक्षित, ११,००० जप्त होतात. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी पगाराची जप्ती एकूण २४ महिनेच, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मोकळा. म्हणजे या माणसाकडून पगारातून जास्तीत जास्त २,६४,००० येणार. वरच्या उदाहरणातले ४,२०,००० आणि व्याज काही यातून फिटत नाही, दुसरी मालमत्ता सुरुवातीपासून दरखास्तीत हवीच.

बँक खातं. बँकेला ऑर्डर २१ नियम ४६ ची मनाई ऑर्डर, मग ४६-अ ची नोटीस म्हणजे बँकेनं पैसे कोर्टात भरावे. खाते नंबर नसला तरी शाखा हवी. खात्यात रक्कम आहे की नाही हा नशिबाचा भाग, पगार जमा होण्याच्या आसपास ऑर्डर पोचली तर फरक पडतो, पण पगारखातं असेल तर सुरक्षित भागावरून वाद होणार.

पेन्शन, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, पीपीएफ, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, कपडे, अंथरूण, धर्माच्या रीतीनं बाई अंगावरून उतरवू शकत नाही असे दागिने, शेतकऱ्याचं राहतं घर आणि बैल अवजारं, या सगळ्याला हात लावता येत नाही. पेन्शन, ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत एफडी करून ठेवले म्हणून त्यांचं संरक्षण जात नाही हेही सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये सांगितलंय. मंगळसूत्रावर बोट ठेवणारा माणूस दारात आला तर तो बेलिफ आहे का ते आधी विचारा. त्याच्याकडे कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट असतं, रिकव्हरी एजंटकडे नसतं, आणि अवॉर्ड झाला म्हणून एजंटला घरात शिरण्याचा कुठलाही नवीन अधिकार मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोनही करायचे नाहीत.

जमीन आणि फ्लॅट. नियम ५४ ची जप्ती झाली की त्यानंतरची खाजगी विक्री तुमच्या दाव्यापुरती रद्दबातल. ऑर्डर मिळाली की तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या, फ्लॅट असेल तर सोसायटीला आणि सब-रजिस्ट्रारला पत्र द्या, नाहीतर विकत घेणारा बिचारा "मला काय माहीत" म्हणत येतो आणि वाद वाढतो. वडिलोपार्जित असेल तर फक्त कर्जदाराचा हिस्सा. पुढे लिलावाची प्रक्रिया लांब आहे: जाहीरनामा, लिलाव, घेणाऱ्यानं २५ टक्के तिथल्या तिथे, बाकी १५ दिवसांत. लिलावानंतरही कर्जदार ६० दिवसांत सगळी रक्कम आणि घेणाऱ्याला ५ टक्के भरून मालमत्ता वाचवू शकतो. चार लाखांसाठी चाळीस लाखांचा फ्लॅट लिलावात काढायला कोर्ट तयार नसतं, खरं तर जप्तीची नोंद लागली की फ्लॅट विकता येत नाही, त्या दबावावरच पैसे येतात.

अटक. सगळे धमकी याचीच देतात. बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात १९८० मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गरीब आहे, पैसे नाहीत, म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून बेइमानीनं देत नाही हे दाखवावं लागतं. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होतच नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग चौकशी, आणि कैद झालीच तर तीन महिन्यांपर्यंत, त्या काळातला कैद्याचा भत्ता वसूल करणाऱ्यानं भरायचा, आणि बाहेर आल्यावर कर्ज तसंच. आता तुम्हीच ठरवा परवडतं का.

हरकती

दरखास्तीचं कोर्ट अवॉर्डच्या मागे जात नाही, म्हणजे व्याज जास्त लावलं, हप्ते धरले नाहीत असे मुद्दे तिथे चालत नाहीत, ते लवादात किंवा ३४ मध्ये मांडायचे होते. चालणारे मुद्दे म्हणजे अवॉर्ड मुळातच शून्य आहे, प्रत मिळाली नाही, पैसे भरलेत, ही वस्तू कलम ६० प्रमाणे सुरक्षित आहे. बायकोच्या किंवा भावाच्या नावावरची वस्तू जप्त झाली तर त्यांनी नियम ५८ खाली स्वतः अर्ज करायचा, लवकर, लिलाव झाल्यावर ऐकून घेत नाहीत.

ग्राहक आयोगाचं लोक विचारतात. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये एम्मारच्या प्रकरणात पक्कं केलंय, पण ते लवाद संपण्याच्या आधी वापरायचं हत्यार आहे. कायम झालेला अवॉर्ड तिथून उलटवता येत नाही.

तडजोड झाली तर कोर्टाबाहेर सोडू नका

कन्झ्युमर लोनच्या बऱ्याच दरखास्ती शेवटी तडजोडीत मिटतात आणि इथेच दोन्ही बाजू घोळ घालतात. ऑर्डर २१ नियम २ असा आहे की कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदले नाहीत तर दरखास्तीचं कोर्ट ते मानतच नाही. कर्जदारानं एजंटला २ लाख यूपीआयनं दिले, सेटलमेंट लेटर व्हॉट्सॲपवर आलं, कंपनीनं कोर्टात पुरशीस (पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन) दिली नाही, दोन वर्षांनी कंपनीनं लोन दुसरीकडे विकलं आणि नव्या कंपनीनं पूर्ण रकमेची दरखास्त पुढे चालवली. म्हणून कर्जदार असाल तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत स्वतःच नोंदीसाठी अर्ज द्या, समोरच्याच्या भरवशावर राहू नका. पैसे कंपनीच्या लोन खात्यातच भरा. हप्ते पाडून हवे असतील तर समोरच्याची संमती लागते, ती लेखी घ्या, आणि एक हप्ता चुकला तर काय, हे त्यात लिहून घ्या. लोकअदालतीत दरखास्त ठेवली तर सगळ्यात बरं, तिथला अवॉर्ड हुकूमनाम्यासारखाच, अपील नाही, आणि नोंदीचा प्रश्न उरत नाही.

पूर्ण पैसे आले की वसूल करणाऱ्यानं पूर्ण वसुलीची पुरशीस द्यायची, दरखास्त निकाली काढून घ्यायची, आणि जप्ती उठवल्याच्या ऑर्डरची प्रत कर्जदाराला द्यायची. ती घेऊन कर्जदारानं तलाठ्याकडे इतर हक्कातली नोंद कमी करून घ्यायची, बँकेत खातं मोकळं करून घ्यायचं, गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा. क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" लागणार की "क्लोज्ड" हे तडजोडीच्या पत्रातच ठरवून घ्या, आणि तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, तेव्हा तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.